बाण ओढलेली तारीख

सर्वगोडांच्या घरात रावसाहेबांचा शब्द शेवटचा कधी चालला होता, हे कुणाला आठवत नव्हतं. चालायचा तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडराचा. फ्रिजशेजारच्या खिळ्याला ते लटकायचं, त्याला दोऱ्यानं पेन बांधलेलं असायचं आणि त्या पेनावर हक्क एकट्या राजश्रीचा. घरची सून, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, घर वेळापत्रकावर चालवायची. एप्रिलच्या पानावर तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दर पाचव्या चौकोनात 'पाणी'. मधे 'पेपर तपासणी', 'कुरडया – गहू भिजवणे', लेक बुद्धप्रियाचं 'लेझीम ५ वा.', नवरा यशपालची 'गायन पार्टी, पेटी नेणे', चौदाला नुसतंच मोठ्या अक्षरात 'जयंती'. आणि सत्तावीस तारखेपासून पुढे लाल पेनानं एक लांब रेघ, तिच्यावर 'बोधगया'. बुद्धपौर्णिमेला सहाही जणांनी तिथं असायचं, असं दिवाळीत ठरलं होतं.

आज रविवार, बारा तारीख. आजच्या चौकोनात तिनं पंधरा दिवसांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, 'सगळे घरी. ट्रिपची मीटिंग. ४ वा.' चार वाजले होते आणि सगळे घरी होते. मीटिंग मात्र ट्रिपची राहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी चनमल्लप्पा चादर घेऊन आला, तिथून हे सुरू झालं. रावसाहेबांनी बत्तीस वर्षं चादरींच्या कारखान्यात ग्राफ काढले होते. बारीक चौकोनांचा कागद, रंगवलेला प्रत्येक चौकोन म्हणजे मागावर उचलायचा एक धागा. कॉम्प्युटर आला आणि नोकरी गेली, पण नाद गेला नाही. घरी पाटावर कागद ठेवून ते मोर काढत, कमळं काढत, आणि त्यांची बायको नागूबाई ते कागद डब्यांच्या तळाशी घालत. दसऱ्यापासून मात्र त्यांनी एकच नक्षी धरली होती. पिंपळाचं पान. त्या नक्षीची चादर विणून घ्यायची आणि बोधगयेला न्यायची. चनमल्लप्पाचे चार माग अजून चालू होते. त्यानं ती विणली.

बुद्धप्रियानं चादर खाटेवर पसरली आणि म्हणाली, "आबा, पानं अशी का? सगळ्यांची उजवी बाजू खाल्लीय कुणीतरी."

ग्राफावर पान एकदाच काढायचं असतं, मागावर तेच पुन्हा पुन्हा उतरतं. चादरीवर एकशे बारा पानं होती आणि एकालाही उजवी कड नव्हती.

"कुटं?" रावसाहेब हसले. "बराबर हाय की."

चनमल्लप्पा आपल्या चपलांकडं बघत राहिला. "मला दिसलं हुतं," तो म्हणाला. "पर रावसाहेबाच्या ग्राफात म्या कवा हात घातला न्हाई. वाटलं, त्येनं मुद्दाम तसं काढलं असंल."

शनिवारी डोळ्यांचा डॉक्टर झाला. काचबिंदू. डाव्या डोळ्यात फक्त उजेड-अंधार कळण्यापुरतं काही उरलं होतं, उजव्यात नळीतून बघावं एवढं. "कुठले थेंब घालता का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि निघताना नागूबाईंनी दिलेली बाटली राजश्रीनं पर्समधून काढून पुढं ठेवली. डॉक्टरांनी ती उलटून वाचली. "हे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर घालायचे थेंब आहेत. यात स्टेरॉइड असतं. यांचं ऑपरेशन झालंय?"

"यांचं नाही. सासूबाईंचं. दीड वर्षापूर्वी."

"मग हे किती दिवस घालताहेत?"

"दीड वर्ष," रावसाहेबच म्हणाले, आणि डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

गेलेली नजर येणार नाही. दाब उतरवायला याच आठवड्यात ऑपरेशन करावं, म्हणजे उरलेली टिकण्याची आशा. क्वचित त्या ऑपरेशनातच तीही जाते, हेही ऐकून ठेवा. नंतर दीड महिना प्रवास बंद. तोवर हे नवे थेंब, उद्यापासून रोज संध्याकाळी सात वाजता, न चुकता. एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

*

"यात बसून बोलायचं काय आहे?" सिद्धांत म्हणाला. रावसाहेबांचा हा धाकटा लेक सकाळच्या गाडीनं पुण्याहून आला होता आणि अजून पायातले मोजेही काढले नव्हते. "तिकिटं रद्द करू. बुधवारी ऑपरेशन."

"तू येतोस आणि एका वाक्यात सांगून मोकळा होतोस," यशपाल म्हणाला.

"मग तू दोन वाक्यांत सांग, दादा."

रावसाहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बाहेर पेठेतल्या रस्त्यावर ऊन अजून पांढरंफेक होतं. मांडीवर चादरीची घडी होती आणि तिच्या कडेवरून ते अंगठा फिरवत होते.

"माझं ऐका," नागूबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, हाताला कुरडयांचा चीक वाळलेला. "आदी त्येन्ला तितं न्या. दिसतंय तवर दावा. मग काय कापायचं ते कापा. ऑप्रेशनात गेलं म्हंजे?"

"आई, नाही केलं तर नक्की जाणार आहे."

"मग जाणारंच हाय की! मग बघून तरी जाऊ द्या!"

सिद्धांतला आईचं हे असं बोलणं लहानपणापासून सोसत नसे. तिला आकडे सांगितले की ती रडायची, आणि रडली की दादा तिच्या बाजूला जाऊन उभा राहायचा. आताही यशपाल हळूच सरकून उंबऱ्याजवळ बसला. सिद्धांतनं मदतीसाठी वहिनीकडं पाहिलं. वेळापत्रकातली माणसं ती दोघं. या घरात काही तडीला न्यायचं तर त्यांनीच.

"वहिनी, तुम्ही सांगा."

"ऑपरेशनच," राजश्री म्हणाली. "शाळेत मी रजा टाकते."

"बघा!" नागूबाई म्हणाल्या. "दोगं येक झाली. तुमी चाललाय का तितं बघायला? बघायचं त्येन्ला हुतं. त्येंच्या बापानं छप्पन साली नागपूर बघितलं, पर त्यो पिंपळ बघायचा ऱ्हायला. मरताना ह्येंचा हात धरून बोलला, तू तरी बघ. ह्ये बोलले, बघून ईन. धा वरसं मी तेच ऐकतीया."

रावसाहेबांचा अंगठा चादरीवर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

आता खरं तर सिद्धांतनं गप्प बसायला हवं होतं. पण शनिवारच्या फोनपासून एक प्रश्न त्याच्या डोक्यात होता आणि तो दाबून ठेवण्याइतका तो शहाणा नव्हता. "मला एक कळत नाही," तो म्हणाला. "आईच्या ऑपरेशनचे थेंब महिनाभराचे. ते दीड वर्ष या घरात येत राहिले कसे? पाच माणसं आहेत इथं. कुणी एकदा बाटली वाचली नाही?"

"सामानाच्या यादीत होते," राजश्री म्हणाली. आवाज अगदी सपाट. "महिन्याची यादी मी करते. तेल, डाळ, मेडिकल. दर महिन्याला सासूबाई आतून सांगायच्या, 'थेंब लिही गं.' मी लिहायचे. मला वाटलं त्यांचेच चालू आहेत."

"आणि आणले?"

"मी," यशपाल म्हणाला.

यशपाल जिल्हा परिषदेत कारकून, पण जीव सगळा पेटीत. एप्रिल आला की रोज संध्याकाळी गायन पार्टीचा सराव. रिकामी बाटली खिशात टाकायची, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवायची, नवी घेऊन सरावाला जायचं. एकदा, बहुतेक गेल्या श्रावणात, मेडिकलवाल्यानं विचारलंही होतं, "अजून चालू आहे का हे?" यशपाल त्या वेळी फोनवर होता. पेटीचा एक सूर दबत होता आणि मिरजेचा कारागीर कधी येणार, यावर बोलणं चाललं होतं. त्यानं मान हलवली होती. ती मान काल रात्रीपासून त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि आताही सांगण्याचं धैर्य त्याला झालं नाही. त्याच्याऐवजी तो म्हणाला, "आई, पण तू अण्णांना दिलेस कशाला?"

बाजू बदलायला एवढंच पुरलं. नागूबाईंनी शेजारी बसलेल्या लेकाकडं असं पाहिलं, की बुद्धप्रिया मधे पडली. "पप्पा, आज्जीला काय माहीत त्यात काय असतं?"

"तू गप. तुला सरावाला जायचं नाही का?"

"मी आज जात नाही. आणि उद्याही जाणार नाही."

"न्हाई, बोलू दे त्येला," नागूबाई म्हणाल्या. "दिलं मी. ह्येंचे डोळे चुरचुरायचे. दिसभर त्या चौकोनात डोळं घालून बसायचे, सांजच्याला लाल. मला गुण आला हुता त्या औषधानं. म्हणलं, घाला. लाली गेली. दुसऱ्या दिवशी बी गेली. मग रोज सात वाजता मी घालायची. माझ्या हातानं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" सिद्धांत ओरडला. "डॉक्टरकडं नेलं असतं की!"

"कवा?"

"रजा काढली असती मी," सिद्धांत म्हणाला.

"कवा न्हेलं असतंस?" नागूबाई उठल्या. तशाच चिकाच्या हातानं आत गेल्या, खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि आणून त्याच्या पुढ्यात टाकलं. पेन दोऱ्यासकट फरशीवर घसपटत आलं. "मला वाचता येत न्हाई. पर भरल्यालं हाय का रिकामं हाय, येवढं दिसतं की मला. ह्यात दाव जागा. कुटं हुती ती दाव."

*

कॅलेंडर उचललं राजश्रीनं. तिला माहीत होतं काय सापडणार ते. शनिवारपासून ती त्या पानांच्या वाटेला गेली नव्हती.

तिनं मागची पानं उलटली. फेब्रुवारी, नऊ तारीख. तिच्याच अक्षरात, 'अण्णा – डोळे दाखवणे.' आणि त्या चौकोनातून निघालेला एक बाण. ती तारखा खोडत नसे. खोडाखोड तिला आवडायची नाही. काम पुढे गेलं की ती बाण ओढायची.

"हा बाण तुमचा, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर म्हणालात, इथं नको, मी आलो की पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवू. तुम्ही त्या आठवड्यात सायकलवरून गोव्याला गेलात."

सिद्धांतनं खाली वाकून पायातला एक मोजा ओढून काढला.

"दोन मार्च. इथं यांचा बाण. ऑफिसात मार्चएंड." यशपालनं मान खाली घातली. "सोळा मार्च. हा माझा. बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी. एकतीस मार्च. पाणी येणार होतं, घरी कुणीतरी हवं होतं." तिनं एप्रिलचं पान पुढं केलं. चार तारखेच्या चौकोनातून निघालेला बाण सगळ्या महिन्यावरून गेला होता, लेझीमवरून, कुरडयांवरून, जयंतीवरून, आणि लाल रेघेच्याही पलीकडं पानाच्या कडेशी संपला होता. तिथं जागा नव्हती म्हणून तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ट्रिपहून आल्यावर.'

"पाच बाण आहेत," ती म्हणाली. मुलांच्या वह्यांत पान पान शेरे लिहिणारी बाई, तिनं सासऱ्याचे डोळे बाणानं ढकलत नेले. ती तोंडावर पदर घेऊन रडू लागली. नागूबाई तिच्याजवळ गेल्या नाहीत, हातावरचा वाळलेला चीक खरवडत राहिल्या.

बुद्धप्रिया एकटी आजोबांकडं पाहत होती. "आबा, तुम्हाला कधीपासून दिसत नव्हतं?"

*

रावसाहेबांना त्या क्षणी दिसत होती ती नातीची हनुवटी आणि एका कानातला डूल. चेहरा सगळा बघायचा तर मान हळूहळू फिरवावी लागायची, भिंतीवर पालीला शोधावं तशी. त्यांनी मान फिरवली नाही.

"दिवाळीपासनं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" सिद्धांत.

"दिवाळीतच तिकिटाचं ठरलं की रं. म्हणलं, आता डोळ्याचं काढलं, तर तुमी म्हणशीला, आदी दवाखाना, मग बोधगया. मग कुणाची परीक्षा, कुणाचं मार्चएंड. यंदाचं ऱ्हायलं की ऱ्हायलं." ते थोडं थांबले. "मला वाटलं, पौर्णिमेपातुर पुरंल."

रस्त्यावरून जयंतीच्या वर्गणीची रिक्षा गाणं लावून गेली. ते गाणं यशपालच्या पार्टीचं होतं, पेटी त्याचीच. त्यानं उठून खिडकी लावली.

"पुरतं का मग?" नागूबाईंनी विचारलं. "अवो, सांगा की. पुरतं का पौर्णिमेपातुर? मी न्हेते तुमास्नी. ह्ये न्हाई आले तर न्हाई आले."

रावसाहेबांनी मांडीवरची चादर उलगडली. एक पान डोळ्यांसमोर धरलं, जवळ, मग लांब. त्यांना ते पान सबंध दिसत होतं. देठ, शिरा, लांब टोक, दोन्ही कडा. दोन दिवस हाच खेळ ते करत होते. ज्या डोळ्यांना नसलेली कड दिसते, त्यांनी झाड बघून बापाला काय सांगायचं?

"न्हाई," ते म्हणाले. "तितं जाऊन म्या जे बघंन ते खरं असंल का, ह्ये मला कळायचं न्हाई. ऑप्रेशन करा. ऱ्हायलं तर घरातली तोंडं तरी बघंन. तेवढं नळीतनं दिसतंय."

"अण्णा," राजश्री म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं करू. आमच्यासाठी नको."

"आता म्या म्हणीन तसं व्हय?" ते हसले आणि ते हसणं घरातल्या प्रत्येकाला लागलं. "बुधवारी जागा हाय का तुझ्या कॅलेंडरात?"

राजश्रीनं पेन उचललं. पंधरा तारखेच्या चौकोनात 'पाणी' होतं आणि 'केंद्रशाळेत बैठक' होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कॅलेंडरावर खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं.

सिद्धांतनं मोबाइल काढला. तिकिटं त्यानंच काढली होती, दौंडहून पुढची, सहाही जणांची एका डब्यातली. आपण कसे दोन महिने आधी जागे राहून मिळवली, हे त्यानं फोनवर सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं. "मग काढतो," तो म्हणाला. "एकेक नाव निवडावं लागतं."

"काढ."

"राजश्री सर्वगोड... काढलं. यशपाल... काढलं. बुद्धप्रिया. माझं." तो थांबला. "नागूबाई सर्वगोड."

"काढ रं बाबा," नागूबाई म्हणाल्या.

"आई काढली. अण्णा..."

"माजं येक मिनिट ऱ्हाऊ दे," रावसाहेब म्हणाले.

पडद्यावर एकच नाव उरलं होतं, वय एकाहत्तर, खालचा बर्थ, खिडकी. मिनिट झालं की दोन झाली, कुणी मोजलं नाही.

"काढ आता," रावसाहेब म्हणाले.

सिद्धांतचा अंगठा पडद्यावर गेलाच नाही. "काढलं, अण्णा," तो म्हणाला.

आजवर या पोरांपैकी कुणी खोटं बोललं की रावसाहेब नुसतं तोंडाकडं बघून ओळखायचे. आता त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान हलवली आणि म्हणाले, "बरं झालं. खिडकीची जागा कुणाला तरी मिळंल."

राजश्रीनं सिद्धांतच्या हातातला मोबाइल पाहिला, सिद्धांतनं राजश्रीकडं पाहिलं. दोघंही काही बोलले नाहीत. या घरात न बोलण्यातून काय होतं ते आत्ताच निस्तरून झालं होतं, तरीही बोलले नाहीत.

*

सात वाजता चार मोबाइल एकदम वाजले. यशपालचा, राजश्रीचा, सिद्धांतचा, बुद्धप्रियाचा. शनिवारीच ज्यानं त्यानं आजचा गजर गुपचूप लावून ठेवला होता. दीड वर्ष ज्या वेळेकडं कुणी फिरकलं नाही, तिची आठवण करून द्यायला आता घरभर घंटा.

ते बंद करायच्या आधीच रावसाहेबांनी, दीड वर्षाच्या सवयीनं, मान मागं टाकली होती. चष्मा हातात, डोळे उघडे, छताकडं.

नवी बाटली फ्रिजवर होती. कुणीच तिच्याकडं जाईना. यशपालनं बायकोकडं पाहिलं, राजश्रीनं सासूकडं. शेवटी बुद्धप्रियानं ती उचलून आणली आणि आज्जीपुढं धरली, कारण थेंब आज्जीच घालत असे.

नागूबाईंनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "वाच गं," त्या राजश्रीला म्हणाल्या. "काय लिवलंय ते वाच."

राजश्रीनं औषधाचं नाव वाचलं.

"यशपाल, तू वाच."

त्यानं वाचलं.

"सिद्धांत."

त्यानंही वाचलं, मग चिठ्ठीवरचं नाव वाचलं, मग पुन्हा बाटलीवरचं. तिन्ही वेळा तेच नाव होतं. नागूबाईंनी बाटली उलटी धरली. पहिला थेंब गालावर पडला आणि ओघळून कानाकडं गेला. दुसरा कपाळावर पडला.

"घाल की गं," रावसाहेब मान तशीच ठेवून म्हणाले. "आता कशाला भ्यायचं?"

नागूबाईंच्यानं हात खाली आणवेना. त्या तशाच बाटली धरून उभ्या राहिल्या आणि रावसाहेब डोळे उघडे ठेवून वाट बघत राहिले.